पद्मिनीचे ब्रेक सुधारताना: पायापासून रस्त्यापर्यंतची साखळी

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची निवृत्त झाली. खासगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी आणि तिच्या आधीच्या फियाट ११०० गाड्या मात्र आजही चालत्या आहेत आणि सुटीच्या दिवशी घाटातही जातात. या गाडीचे इंजिन, गिअर आणि स्टिअरिंग यांच्या मर्यादा चालवणाऱ्याला लवकर कळतात आणि तो त्यांच्याशी जुळवून घेतो. ब्रेकची मर्यादा मात्र ज्या दिवशी गरज पडते त्याच दिवशी कळते, आणि तेव्हा पुढे एखादी आधुनिक गाडी पद्मिनीला लागणाऱ्या अंतराच्या बऱ्याच आत थांबलेली असते. त्यामुळे जुनी गाडी नव्याने हाती घेणारे बहुतेक लोक पहिल्याच महिन्यात विचारतात की पुढच्या चाकांना मूळच्या ड्रम ब्रेकऐवजी डिस्क ब्रेक बसवून घ्यावेत का. हा प्रश्न योग्य आहे, पण माझ्या मते तो तिसऱ्या क्रमांकाचा आहे. त्याच्या आधीचे दोन प्रश्न, म्हणजे आहे ती व्यवस्था पूर्ण तंदुरुस्त आहे का आणि एक पाईप फुटला तर गाडी थांबेल का, हे सोडवल्याशिवाय डिस्कवर केलेला खर्च चुकीच्या जागी पडतो.

त्याचे कारण समजण्यासाठी ब्रेक नेमके काय करतात ते आधी पाहू.

चालत्या गाडीत तिच्या वेगामुळे ऊर्जा साठलेली असते आणि ब्रेक त्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतात. पद्मिनीचे वजन सुमारे ९०० किलो आहे. चार माणसे आणि सामान धरून आपण १२०० किलो समजू. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या अशा गाडीत सुमारे ३०० किलोज्यूल ऊर्जा असते. घरगुती भाषेत सांगायचे तर एक लिटर साधे पाणी उकळी फुटेपर्यंत तापवायला जवळजवळ एवढीच ऊर्जा लागते. आपण जोरात ब्रेक दाबून गाडी साडेतीन सेकंदांत थांबवली, तर ही सगळी उष्णता तेवढ्या वेळात चार चाकांमधल्या लोखंडात उतरते. हिशोब केला तर त्या साडेतीन सेकंदांत ब्रेक सरासरी ११० अश्वशक्तीपेक्षा अधिक दराने काम करतात, आणि गाडीचे इंजिन मात्र सुमारे ४० अश्वशक्तीचे आहे. गाडीतले सर्वांत ताकदवान यंत्र बॉनेटखाली नसून चाकांमध्ये असते, हे वाक्य या अर्थाने अक्षरशः खरे आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ४० च्या वेगावरून थांबताना जेवढी उष्णता निर्माण होते, तिच्या चौपट उष्णता ८० वरून थांबताना होते, दुप्पट नव्हे. शहरात वर्षानुवर्षे ‘उत्तम’ वाटणारे ब्रेक महामार्गावर अचानक अपुरे वाटतात ते याचमुळे. गाडीत काही बिघडलेले नसते, फक्त मागणी चौपट झालेली असते.

घाट उतरताना काय होते

एकदा थांबण्याने ब्रेकचे फारसे बिघडत नाही. वरचे ३०० किलोज्यूल घेतले, त्यातला साठ टक्के भाग पुढच्या दोन ड्रममध्ये, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी डब्यांमध्ये, गेला असे मानले आणि प्रत्येक ड्रम पाच किलोचा धरला, तर ड्रमचे तापमान चाळीसेक अंशांनीच वाढते. खरी परीक्षा घाटात होते. बोरघाटाने लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. १२०० किलोच्या गाडीची या उतारात सुटणारी ऊर्जा सुमारे ६५०० किलोज्यूल भरते, म्हणजे ८० च्या वेगावरून एकामागून एक वीसहून अधिक वेळा थांबण्याइतकी. यातला काही भाग हवेचा विरोध घेतो. आपण खालचा गिअर टाकला असेल तर मोठा भाग इंजिन घेते. पण न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याच्या गाडीत यातला बहुतांश भाग चार ड्रमना सोसावा लागतो.

तापलेल्या ड्रम ब्रेकमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी बिघडू शकतात आणि त्या तिन्हींची पायाला होणारी जाणीव वेगळी असते. ही जाणीव ओळखता येणे फार उपयोगाचे आहे.

पहिली गोष्ट ड्रमच्या प्रसरणाची. अडीचशे मिलिमीटर व्यासाचा लोखंडी ड्रम दोनशे अंशांनी तापला तर त्याचा व्यास अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक वाढतो. ब्रेक शू, म्हणजे ड्रमच्या आतल्या कमानदार पट्ट्या, आतून बाहेर ढकलल्या जातात, म्हणजे ड्रम त्यांच्यापासून दूर पळत असतो. त्यामुळे पॅडल नेहमीपेक्षा खोल जाते, पण तिथे गेल्यावर ब्रेक लागतात. दुसरी गोष्ट लायनरची. शूवरच्या घर्षण-पट्टीला धरून ठेवणारे द्रव्य अति तापले की त्यातून वायू सुटतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत होतो. मग पॅडल नेहमीसारखे कडक लागते, पाय जोर लावत राहतो, पण गाडी मंदावत नाही. तिसरी आणि सर्वांत घातक गोष्ट म्हणजे व्हील सिलिंडरमधला, म्हणजे चाकात शू ढकलणाऱ्या नळकांड्यातला, द्रव उकळणे. द्रव दाबाखाली आकसत नाही, वाफ मात्र आकसते, म्हणून पायाचा सगळा जोर वाफ दाबण्यात खर्च होतो आणि पॅडल मऊ होऊन थेट तळाला टेकते. पहिल्या दोन प्रकारांत गाडी बाजूला घेऊन थांबवायला थोडा अवधी मिळतो. तिसऱ्यात तो बहुधा मिळत नाही.

डिस्क ब्रेकचे महत्त्व इथे कळते. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी चकती, ती उघड्या हवेत फिरते, त्यामुळे लवकर थंड होते. ती तापून जाड झाली तर तिला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पॅडकडेच सरकते, दूर जात नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर ड्रममध्ये पाणी अडकते आणि पुढचे काही ब्रेक जवळजवळ लागतच नाहीत. डिस्कवरचे पाणी मात्र चाकाच्या एकदोन फेऱ्यांतच पुसले जाते. याउलट थंड, कोरड्या रस्त्यावर एकदाच जोरात थांबायचे असेल, तर नीट जुळवलेले ड्रम आणि डिस्क यांच्यात फार अंतर राहत नाही, कारण तिथे शेवटची मर्यादा टायरची असते. ब्रेक चाक थांबवतात आणि गाडीला टायर थांबवतो. चाक अडकून घसरेपर्यंत जोर लावण्याची ताकद ब्रेकमध्ये असेल, तर त्याहून अधिक ताकदीचा काही उपयोग नाही. जुन्या गाडीवर जुन्या पद्धतीचे, वय झालेले, कडक टायर असतील, तर त्याच मापाचे चांगले रेडियल टायर घेणे ही ब्रेकची सर्वांत स्वस्त सुधारणा ठरते. अनेक मालक ही पायरी वगळतात याचे मला वाईट वाटते.

ड्रम वाईट नसतो, दुर्लक्षित असतो

ड्रम ब्रेकच्या रचनेत एक सुंदर युक्ती आहे. चाक ज्या दिशेने फिरते त्या दिशेला तोंड असलेला शू ड्रमला टेकला, की फिरणारा ड्रम त्याला आणखी घट्ट आपल्याकडे ओढतो. हा पुढचा शू मागच्या शूच्या साधारण तिप्पट काम करतो, आणि त्यासाठी पायाला वेगळा जोर लावावा लागत नाही. पद्मिनीच्या पिढीतल्या गाड्या पायाचा जोर वाढवणाऱ्या कोणत्याही बूस्टरशिवाय माणसाच्या पायाने थांबत असत त्या या युक्तीमुळेच. पण या युक्तीची दुसरी बाजूही आहे. स्वतःला ओढून घेणारी व्यवस्था घर्षणातला लहानसा फरकही मोठा करून दाखवते. एका चाकाच्या लायनरवर थोडे ग्रीस किंवा थोडे पाणी लागले, तर डाव्या-उजव्या बाजूंतला फरक एकदम वाढतो आणि गाडी एका बाजूला ओढते.

म्हणून कोणताही नवा भाग विकत घेण्याआधी आहे ती व्यवस्था पूर्ण उघडून तपासावी. ड्रम लेथवर फिरवून गोल करावा, पण त्याच्या कमाल व्यासाची मर्यादा पाळावी. वारंवार टर्निंग करून पातळ झालेला ड्रम उष्णता कमी सामावतो आणि जोर आल्यावर किंचित लंबगोल होतो. टर्निंगनंतर ड्रमची त्रिज्या वाढलेली असते, त्यामुळे नवीन लायनर फक्त मध्यभागी टेकते. ते घासून ड्रमच्या वक्रतेशी जुळवावे लागते. चांगले जुने मिस्त्री ड्रमला आतून खडू लावून शू फिरवतात आणि खडू कुठे उमटला ते पाहून लायनर घासतात. या तासाभराच्या कामाने पॅडलमध्ये जो फरक पडतो, तो अनेकदा लोक डिस्ककडून अपेक्षित असलेल्या फरकाइतका असतो. इथे एक इशारा द्यायलाच हवा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते, म्हणून ड्रमच्या आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नये किंवा कोरड्या ब्रशने झाडू नये. ओल्या फडक्याने पुसून ते फडके बंद पिशवीत टाकावे. वर्कशॉपमध्ये हे सांगताना संकोच वाटतो, तरी सांगावे.

व्हील सिलिंडर आणि पॅडलच्या जोराने द्रव ढकलणारा मास्टर सिलिंडर यांच्या आतले रबर, ज्याला आपल्याकडे ‘बकेट’ म्हणतात, काही वर्षांनी कडक होते. नुसते किट बदलून भागेल की सिलिंडरच बदलावा लागेल, हे सिलिंडरच्या आतली भिंत ठरवते. तिच्यावर गंजाचे खड्डे असतील तर नवे बकेटही काही महिन्यांत झिजते.

रबरी होजपाईपकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. माझ्या गाडीत एकदा विचित्र त्रास सुरू झाला. ब्रेक दाबताना गाडी सरळ थांबायची, पण पाय काढल्यावर काही क्षण डावीकडे ओढायची आणि डावे पुढचे चाक तापलेले असायचे. एका वर्कशॉपमध्ये व्हील सिलिंडर बदलला, दुसऱ्या वेळी शू बदलले, तरी त्रास तसाच राहिला. शेवटी होज कापून पाहिली तेव्हा कळले की बाहेरून ठणठणीत दिसणारी ती नळी आतून फुगून जवळजवळ बंद झाली होती. पायाच्या जोराने द्रव आत जात होता, पण शूच्या स्प्रिंगच्या कमी जोराने परत येऊ शकत नव्हता. तेव्हापासून गाडी नव्याने हाती आली की मी सगळ्या होज प्रथम बदलतो, त्या कशाही दिसत असोत.

धातूच्या पाईपबाबत एवढेच सांगतो की साधा तांब्याचा पाईप वाकवायला सोपा असला, तरी सततच्या थरथरीने तो कडक होऊन तडकू शकतो. स्टीलचा किंवा तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचा, ब्रेकसाठीच बनवलेला पाईप घ्यावा आणि टोकांना दुहेरी फ्लेअर, म्हणजे दोनदा दुमडून पसरवलेले तोंड, करून घ्यावे.

‘ब्रेक ऑइल’ या शब्दाने होणारा घोटाळा

आपण सर्वजण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, पण ते तेल नाही. डॉट ३ आणि डॉट ४ हे ग्लायकॉल वर्गातल्या रसायनांपासून बनवलेले द्रव आहेत, आणि ब्रेकमधले रबर त्यांच्याशी जुळेल असेच निवडलेले असते. कोणी नावावरून समजून त्यात इंजिनचे किंवा स्टिअरिंगचे तेल घातले, तर सगळी बकेट फुगतात, मास्टर सिलिंडर अडकतो आणि एका चमचाभर तेलासाठी पूर्ण व्यवस्थेतले रबर बदलावे लागते.

या द्रवाचा दुसरा स्वभाव असा की तो हवेतला ओलावा शोषतो. डॉट ३ नवा असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की ही किमान मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. म्हणजे कोकणातला किंवा गोव्यातला पावसाळा पाहिलेला, चार-पाच वर्षे न बदललेला डॉट ३ हा घाटात उकळायला जवळजवळ तयार असलेला द्रव आहे, मग चाकात ड्रम असो वा डिस्क. डिस्क बसवल्यावर तर कॅलिपरमधला, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातला, द्रव तापलेल्या पॅडच्या अगदी मागे असतो, त्यामुळे जुन्या द्रवाचा धोका वाढतो, कमी होत नाही. डॉट ४ वापरावा, दर दोन वर्षांनी तो पूर्ण बदलावा, आणि समुद्रकिनाऱ्याजवळ राहत असाल तर दरवर्षी बदलावा, असे माझे ठाम मत आहे. सिलिकॉनचा डॉट ५ हा वेगळा पदार्थ आहे. तो ग्लायकॉलच्या द्रवात मिसळत नाही, म्हणून जुन्या द्रवावर तो ओतू नये. डॉट ५.१ हे नाव त्याच्यासारखे वाटले तरी तो पुन्हा ग्लायकॉलच्याच कुळातला आहे.

एक पाईप फुटला तर

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. साठच्या दशकातल्या फियाट ११०० सारख्या गाड्यांत मास्टर सिलिंडरमध्ये एकच पिस्टन असतो आणि त्यातून निघालेला एकच मार्ग पुढे चार फाट्यांत विभागतो. या रचनेत चारपैकी कोणत्याही एका चाकाचे बकेट फाटले किंवा एक पाईप गंजून फुटला, तर दाब तिथून निघून जातो आणि चारही चाकांचे ब्रेक एकाच वेळी जातात. हातात फक्त हँडब्रेक आणि गिअर उरतात. ही त्या काळची सर्वसामान्य रचना होती. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना दुहेरी मार्ग सक्तीचे झाले, आणि त्यानंतर जगभरच्या नव्या गाड्यांत तीच पद्धत रूढ झाली.

दुहेरी म्हणजे टँडम मास्टर सिलिंडरमध्ये एकाच नळकांड्यात एकामागे एक असे दोन पिस्टन असतात. एक पुढच्या चाकांना दाब देतो, दुसरा मागच्या. पुढचा मार्ग फुटला तर पॅडल बरेच खाली जाते, थांबण्याचे अंतर खूप वाढते, पण मागची दोन चाके गाडी थांबवतात. जुन्या गाडीत करता येणाऱ्या सर्व बदलांमध्ये हा बदल मी पहिल्या क्रमांकावर ठेवतो, आणि ड्रम तसेच ठेवूनही तो करता येतो. रस्त्यावर त्याने रोजच्या चालवण्यात काहीही फरक जाणवत नाही, म्हणून लोक त्यावर पैसे घालायला तयार होत नाहीत. पण ज्या गाडीत आपण मुलांना मागे बसवतो, तिच्यात चार ब्रेकचा भरवसा एका रबराच्या ओठावर ठेवू नये.

आपल्या गाडीत कोणता सिलिंडर आहे हे पाहणे सोपे आहे. दुहेरी सिलिंडरच्या द्रवाच्या टाकीत दोन कप्पे असतात किंवा तिच्यातून दोन स्वतंत्र नळ्या सिलिंडरमध्ये उतरतात, आणि पुढे निघणारे पाईपही दोन स्वतंत्र गटांतले असतात.

मग डिस्क

इटलीत फियाटने १९६६ साली याच घराण्यातली ११०० आर ही गाडी आणली तेव्हा तिला पुढे डिस्क ब्रेक दिले. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये त्याआधीची ११०० डी बनत राहिली, तिचेच पुढे पद्मिनी झाले, आणि चारही ड्रम तसेच राहिले. त्यामुळे पुढे डिस्क आणि मागे ड्रम ही जोडणी या गाडीच्या स्वभावाला परकी नाही, हे मूळ निर्मात्यानेच दाखवलेले आहे. अ‍ॅम्बॅसडरच्या नंतरच्या मॉडेलांतही कंपनीने पुढे डिस्क दिले होते, म्हणून जुन्या अ‍ॅम्बॅसडरच्या मालकांचा मार्ग तुलनेने सोपा आहे, कारण त्यांना त्याच घरातले भाग मिळू शकतात. पद्मिनीसाठी मात्र बहुधा दुसऱ्या गाडीची डिस्क आणि कॅलिपर घेऊन मधला ब्रॅकेट बनवून घ्यावा लागतो, आणि खरी जोखीम त्या ब्रॅकेटमध्ये असते. ब्रेक लागल्यावर चाकाला अडवणारा सगळा जोर कॅलिपरवरून त्याच पट्टीवर येतो. ती पुरेशा जाडीच्या स्टीलची, मशिनवर अचूक कापलेली असावी. तिच्यावर वेल्डिंगचा जोड नसावा आणि तिचे बोल्ट उच्च प्रतीचे असावेत. कॅलिपर डिस्कच्या बरोबर मध्यावर बसतो का, चाकाच्या रिमला कुठे घासत नाही ना, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवल्यावर होज ताणली किंवा टायरला लागत नाही ना, हे चाक जमिनीवर आणि हवेत अशा दोन्ही स्थितींत तपासावे लागते.

डिस्क बसवली की ड्रमची ती स्वतःला ओढून घेणारी युक्ती गेली. आता पॅडवर जेवढा जोर टाकू तेवढेच घर्षण मिळणार, म्हणून पाईपमधला दाब वाढवावा लागतो. इथे थोडा हिशोब समजून घेणे आवश्यक आहे. पॅडलवर पायाचा जोर ३० किलो असेल आणि पॅडलची तरफ तो पाचपट करत असेल, तर मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर १५० किलो जोर पडतो. पिस्टन पाऊण इंच व्यासाचा असेल तर पाईपमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५३ किलो दाब तयार होतो. तोच पिस्टन सात अष्टमांश इंचाचा घेतला तर दाब ३९ वर येतो. ‘मोठा सिलिंडर म्हणजे जास्त ब्रेक’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे. लहान सिलिंडर दाब जास्त देतो, पण प्रत्येक दाबात द्रव कमी ढकलतो, म्हणून पॅडल अधिक खोल जाते. मोठा सिलिंडर पॅडल उंच आणि कडक ठेवतो, पण पायाला जोर अधिक लावायला लागतो. कॅलिपरला किती द्रव लागतो आणि चालवणाऱ्याच्या पायात किती जोर आहे, यांचा मेळ घालून माप ठरवायचे असते. पॅडल कडक लागते म्हणून ब्रेक चांगले, असे मुळीच नाही.

पायाला मदत हवी असेल तर व्हॅक्यूम बूस्टर लावतात. त्यात एका पडद्याच्या एका बाजूला इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमधली निर्वात ओढ असते आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. सात इंच व्यासाच्या पडद्यावर वातावरणाच्या निम्म्या दाबाचा फरक मिळाला, तर सुमारे १२५ किलो जोर फुकट मिळतो, म्हणजे वरच्या उदाहरणातले १५० किलो जवळजवळ दुप्पट होतात. मात्र डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये अशी ओढ तयार होत नाही. डिझेल पद्मिनी किंवा डिझेल अ‍ॅम्बॅसडरमध्ये बूस्टर लावायचा तर वेगळा व्हॅक्यूम पंप हवाच. तो न लावता फक्त बूस्टर बसवला तर मदत मिळणे दूरच, पॅडल आधीपेक्षा जड होते. पेट्रोल गाडीतही बूस्टरच्या नळीत उलट न जाऊ देणारा व्हॉल्व्ह असावा, म्हणजे इंजिन बंद पडले तरी एकदोन वेळा मदतीचा ब्रेक लागतो.

आणखी एक बारीक भाग आहे, ज्यामुळे अनेक जणांचे डिस्क पहिल्याच आठवड्यात तापून निळे पडतात. ड्रमसाठी बनवलेल्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी अनेकदा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो पाय काढल्यावरही पाईपमध्ये दर चौरस सेंटिमीटरला अर्धा ते पाऊण किलो दाब शिल्लक ठेवतो. व्हील सिलिंडरमधल्या बकेटचे ओठ भिंतीला टेकून राहावेत आणि आत हवा शिरू नये, यासाठी तो असतो. शूला मागे ओढायला जोरदार स्प्रिंग असते, त्यामुळे ड्रममध्ये या दाबाचा त्रास होत नाही. डिस्कच्या पॅडला तशी स्प्रिंग नसते. तो शिल्लक दाब पॅडला सतत डिस्कवर टेकवून ठेवतो. म्हणून पुढच्या मार्गातून हा व्हॉल्व्ह काढला पाहिजे आणि मागच्या ड्रमच्या मार्गात ठेवला पाहिजे.

मागच्या चाकांचा प्रश्न

ब्रेक लागतात तेव्हा गाडीचे नाक खाली जाते, म्हणजे मागच्या चाकांवरचे वजन पुढे सरकते. पद्मिनीच्या दोन धुरांमधले अंतर २३४० मिलिमीटर आहे. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ५५० मिलिमीटर उंच धरला, तर जोरदार ब्रेकमध्ये १२०० किलोपैकी सुमारे २०० किलो मागून पुढे जातात. स्थिर असताना दोन्ही धुरांवर सारखे वजन असेल, तर त्या क्षणी पुढे ८०० आणि मागे ४०० किलो होतात. मागची चाके हलकी झालेली असताना त्यांना पुढच्याइतकाच दाब मिळाला तर ती आधी अडकतात, आणि मागची चाके अडकलेली गाडी सरळ राहत नाही. ती स्वतःभोवती फिरते. पुढची चाके आधी अडकली तर गाडी वळत नाही, पण सरळ तरी जाते.

डिस्कसाठी आपण संपूर्ण व्यवस्थेतला दाब वाढवला, की तो वाढलेला दाब मागच्या ड्रमनाही मिळतो, आणि त्या ड्रममध्ये ती ओढून घेणारी युक्ती अजून जिवंत असते. त्यामुळे पुढे डिस्क बसवलेली गाडी मूळ गाडीपेक्षा धोकादायक होऊ शकते, आणि हे रोजच्या हळू चालवण्यात कधीच कळत नाही. उपाय म्हणजे मागच्या मार्गात दाब मर्यादित करणारा, हाताने कमी-जास्त करता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह बसवणे. तो पुढच्या मार्गात कधीही बसवू नये. ओल्या, मोकळ्या, रहदारी नसलेल्या जागी कमी वेगाने जोरात ब्रेक दाबून आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला चाके पाहायला सांगून तो जुळवायचा असतो. नेहमी पुढची चाके आधी अडकली पाहिजेत. जिच्या डिकीत सीएनजीची टाकी आहे अशा गाडीचा समतोल वेगळा असतो, म्हणून ती टाकी पुढे कधी काढली तर व्हॉल्व्ह पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

काम झाल्यावर व्यवस्थेतली हवा काढायची. उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या आपल्या गाड्यांत साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे मागचे डावे चाक आधी, मग मागचे उजवे, मग पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे, असा क्रम असतो. नवे पॅड आणि शू पहिल्याच दिवशी घाटात नेऊ नयेत. मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून पंधरापर्यंत मध्यम जोराने गाडी मंदावायची, मध्ये थोडे अंतर जाऊन ब्रेक थंड होऊ द्यायचे, आणि असे वीस-तीस वेळा करायचे. मग एक दिवसानंतर सगळे जोड कोरडे आहेत का ते फडक्याने पुसून पाहायचे.

कायद्याबाबत दोन गोष्टी सांगायला हव्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाहनाच्या मूळ तपशिलात परवानगीशिवाय बदल करण्यास मनाई करते, म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारून घ्यावे. दुसरी गोष्ट २०२१ च्या नियमांची. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, पण तिच्या मूळ स्वरूपात चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. त्यामुळे ब्रेकच्या कामासाठी चॅसीला नवे भोक पाडणे, काही कापणे किंवा वेल्ड करणे टाळावे, आणि प्रत्येक नवा भाग मूळच्याच बोल्टच्या जागी बसेल असे पाहावे. काढलेले ड्रम, बॅकिंग प्लेट, शू आणि जुना मास्टर सिलिंडर भंगारात देऊ नयेत. ते साफ करून, लोखंडी भागांना पातळ ग्रीस लावून, लायनरला ते लागणार नाही अशा बेताने वेगवेगळे गुंडाळून, कोणता भाग कोणत्या चाकाचा हे चिठ्ठीवर लिहून खोक्यात ठेवावेत, म्हणजे गाडी कधीही दोन दिवसांत पूर्वीसारखी करता येईल.